भंडारदऱ्याला गोल्फ कोर्स हवा का? आधी पाण्याचा हिशेब

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

आजचा भाग भंडारदऱ्यावरून. मागे वाऱ्याचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. शेंडीत उतरलोय आणि इथे वारा कुणाचं ऐकत नाही.

आम्ही चौघं जण हौशी गोल्फर. हौशी म्हणजे अगदीच हौशी. पुण्यात एक राउंड खेळलो, मग ठरलं की परत जाताना वाकडी वाट करून दोन दिवस भंडारदऱ्याला राहायचं. इथे पोचल्यावर आमच्यातला एकजण जलाशयाकडे बघून म्हणाला, "काय जागा आहे राव! डोंगर, पाणी, उतार. इथे अठरा होलचा कोर्स असता ना, तर लोकांनी स्कॉटलंडला जाणं सोडलं असतं." झालं, तिथून जो वाद सुरू झाला तो रात्री जेवणापर्यंत चालला. तो वाद आज तुमच्यासमोर मांडतो. माझी बाजू आधीच सांगून टाकतो. गोल्फ आणखी पुष्कळ लोकांनी खेळावा असं मला मनापासून वाटतं, आणि तरीही भंडारदऱ्याला गोल्फ कोर्स होऊ नये असं वाटतं. दोन्ही एकाच वेळी कसं, ते ऐका.

ज्यांनी गोल्फ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी

दोन मिनिटांत सांगतो. जमिनीत 108 मिलीमीटर रुंदीचं एक भोक असतं. तीनशे-चारशे मीटरवरून तुम्ही साधारण 46 ग्रॅमचा चेंडू मारत मारत त्या भोकापर्यंत आणायचा. जितके कमी फटके, तितकं चांगलं. अशी अठरा भोकं, म्हणजे अठरा होल. बॅगेत जास्तीत जास्त 14 काठ्या ठेवता येतात. एक राउंड चार-साडेचार तासांचा, आणि चालणं आठ-दहा किलोमीटर सहज होतं. ज्यांना वाटतं की हा बसून खेळायचा खेळ आहे, त्यांनी एकदा बॅग खांद्याला लावून मे महिन्यात चालून दाखवावं.

मला या खेळातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे हँडिकॅप. समजा कोर्सचा पार 72 आहे, म्हणजे चांगल्या खेळाडूने 72 फटक्यांत संपवणं अपेक्षित. माझा हँडिकॅप 20 असेल आणि मी 92 फटके घेतले, तर हिशेबात माझे 72 धरतात. त्यामुळे नवशिका आणि मुरलेला खेळाडू एकाच सामन्यात, बरोबरीने खेळू शकतात. क्रिकेटमध्ये मी रणजी खेळणाऱ्या गोलंदाजासमोर उभा राहिलो तर सामना पहिल्याच चेंडूवर संपेल. इथे तसं होत नाही. खेळाचे नियम इतके समतावादी, आणि खेळ मात्र "बड्या लोकांचा" म्हणून ओळखला जातो. हे कसं झालं?

कुंपण कुठून आलं?

उत्तर जमिनीत आहे. अठरा होलच्या कोर्सला साधारण शंभर ते दीडशे एकर जागा लागते. आपल्याकडे एवढी जागा कुणाकडे होती? साहेबाकडे, लष्कराकडे आणि क्लबांकडे. मुंबईतल्या साहेबांच्या क्लबांमध्ये भारतीयांना प्रवेशच नव्हता. त्या काळात गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी 1918 च्या सुमारास विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब काढला, जिथे भारतीय आणि युरोपियन दोघांनाही सभासद होता येत होतं. म्हणजे भारतीय माणूस आत आला खरा, पण कुठला? संस्थानिक, गिरणीमालक, बॅरिस्टर. कुंपण थोडं सरकलं, गेलं नाही.

नाशिककरांना एक गंमत माहीत असेल. नाशिकच्या ज्या मैदानावर रणजीचे सामने होतात आणि पहाटे अर्धं शहर चालायला येतं, त्याला लोक अजूनही "गोल्फ क्लब मैदान" म्हणतात. अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. कान्हेरेंनी 21 डिसेंबर 1909 ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली होती. साहेबाच्या खेळाचं नाव आणि साहेबावर गोळी झाडणाऱ्याचं नाव, दोन्ही एकाच मैदानाला! आज तिथे गोल्फ कुणी खेळत नाही, पण मैदान सगळ्यांचं आहे. हा मुद्दा डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता दुसरी बाजू. चेंबूरला 1927 पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्याच्या आसपासच्या वस्त्यांमधली बरीच मुलं तिथे कॅडी म्हणून काम करत आली. कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग उचलणारा, अंतर सांगणारा, कुठली काठी घ्यायची ते सुचवणारा. खरं सांगायचं तर माझ्यासारख्याचा अर्धा खेळ कॅडीदादाच खेळतो. या मुलांना कोर्सवर मनात येईल तेव्हा खेळायला कोण देणार? त्यांनी बांधकामाच्या लोखंडी सळया वाकवून काठ्या बनवल्या, प्लॅस्टिकचे चेंडू घेतले आणि गल्लीबोळांत, पत्र्यांच्या मधून गोल्फ सुरू केला. जगभरातले फोटोग्राफर हा गल्ली-गोल्फ टिपायला चेंबूरला येऊन गेलेत. म्हणजे आवड होती, हात होता, नजर होती. नव्हती ती फक्त जागा.

आणि जिथे जागा मिळाली तिथे काय झालं, तेही बघा. अली शेर दिल्लीत कॅडी होते. 1991 मध्ये त्यांनी इंडियन ओपन जिंकली आणि ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. 1993 ला परत जिंकली. कोलकात्याच्या एस. एस. पी. चौरसियांचे वडील रॉयल कलकत्ता क्लबमध्ये गवताची निगा राखायचे. मुलाने 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन मारली. बाबासाहेबांचं जन्मगाव महू. तिथल्या मुकेश कुमारांनी 2016 च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी एशियन टूरची पहिली स्पर्धा जिंकली. एक्कावन्न! आपल्याला पंचविशीत पाठ धरते.

आमच्यासारख्या हौश्यांसाठीही एक नाव सांगतो. पी. जी. सेठी. 1965 ची इंडियन ओपन त्यांनी हौशी खेळाडू म्हणून जिंकली होती, सगळ्या व्यावसायिकांना मागे टाकून.

बाकी तुमच्यापैकी अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा गोल्फ पाहिला तो 7 ऑगस्ट 2021 ला. टोकियो ऑलिंपिक. सकाळी अदिती अशोकचं पदक एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली. त्याच दिवशी संध्याकाळी नीरज चोप्राने सुवर्ण जिंकलं आणि सकाळचं दुःख थोडं मागे पडलं. त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या गोल्फला पुण्याचा उदयन माने भारताकडून खेळला, हेही लक्षात असू द्या. आपल्या माणसांना जमत नाही हा प्रश्नच नाही.

मग इथे का नको?

आता मित्राच्या मुद्द्याकडे येऊ. तो म्हणाला, "मग तर कोर्स वाढलेच पाहिजेत. भंडारदऱ्यात जागा आहे, पाऊस धो-धो आहे, पाण्याची काय कमी?"

मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढा. माझ्याबरोबर आकडे टाका.

कोर्स शंभर-दीडशे एकरांचा असला तरी सगळीकडे पाणी मारत नाहीत. आपण पाणी लागणारं गवत फक्त 60 एकर धरू. उन्हाळ्यात गवत आणि माती मिळून दिवसाला साधारण 5 मिलीमीटर पाणी उडून जातं असं धरू. गवत हिरवं ठेवायचं तर तेवढं पाणी परत द्यावं लागेल. एक एकर म्हणजे सुमारे 4047 चौरस मीटर. त्यावर 5 मिलीमीटर पाणी म्हणजे झाले जवळपास 20 हजार लिटर. गुणिले 60. बारा लाख लिटर, आणि तेही एका दिवसाचे.

बारा लाख लिटर म्हणजे किती? जल जीवन मिशनमध्ये गावातल्या माणसाला रोज 55 लिटर पाणी मिळावं असा निकष आहे. बारा लाख भागिले 55. साधारण 22 हजार माणसं. म्हणजे आम्ही चौघं आणि आमच्यासारखे अजून शे-दीडशे जण हिरव्यागार गवतावर खेळणार, आणि त्यासाठी रोज 22 हजार माणसांचं पाणी लागणार. हा अंदाज आहे, कोर्सप्रमाणे कमी-जास्त होईल. निम्मा केला तरी 11 हजार माणसं उरतात.

"पण पाऊस?" हो, पाऊस आहे. घाटघर-रतनवाडीकडे तर राज्यातला सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या जागांपैकी जागा आहेत. पण तो पडतो कधी? जून ते सप्टेंबर. त्या चार महिन्यांत इथे समोरचा माणूस धुक्यात दिसत नाही, चेंडू काय दिसणार! खेळायचा मोसम ऑक्टोबर ते मे. म्हणजे पाऊस असतो तेव्हा खेळ नाही, आणि खेळ असतो तेव्हा पाऊस नाही. ते आठ महिने पाणी कुठून आणणार? तर धरणातून.

हे पाणी आधीच कुणाचं तरी आहे

समोर जे पाणी दिसतं ना, त्यातला थेंब न् थेंब वाटून झालेला आहे. प्रवरा रतनगडाला उगम पावते. तिच्यावरचं हे धरण ब्रिटिशांनी 1910 ला बांधायला घेतलं, 1926 ला पूर्ण केलं. विल्सन डॅम, आणि मागचा आर्थर लेक. साठवण साधारण 11 टीएमसी. इथलं पाणी खाली जातं, निळवंडे लागतं, मग कालव्यांनी राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडचा ऊस आणि फळबागा भिजतात. लोणीचा सहकारी साखर कारखाना 1950 साली याच पाण्याच्या पट्ट्यात उभा राहिला. त्याच्याही पुढे जायकवाडी आहे, मराठवाडा आहे. पाऊस कमी झाला की वरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचं यावरून दरवेळी नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो. समन्यायी वाटपासाठी 2005 चा कायदा आहे, कोर्टात खटले आहेत, रस्त्यावर आंदोलनं आहेत.

आणि हे सगळं खालच्या अंगाचं झालं. धरणाच्या वरच्या वाड्यांचं काय? आपल्याकडे म्हण आहे, धरण उशाला आणि कोरड घशाला. ती अशाच गावांवरून पडलीये. इथल्या महादेव कोळी आणि ठाकर लोकांच्या जमिनी धरणाखाली गेल्या. पावसाळ्यात ज्यांच्या अंगणातून ओढा वाहतो, त्यांच्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन चालतात. त्यांच्या डोळ्यासमोर गवतावर स्प्रिंकलर फिरवायचे? मला तरी तिथे पटर हातात धरवणार नाही.

अजून एक गोष्ट आहे. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. 1986 ला अभयारण्य जाहीर झालं. मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला इथे काजवे बघायला किती गर्दी होते ते तुम्ही रील्समध्ये पाहिलंच असेल. काजव्याला लागतो अंधार, ओल आणि विषारी फवारणी नसलेली माती. गोल्फचं गवत टापटीप ठेवायला लागतात खतं आणि कीटकनाशकं, आणि रिसॉर्टला लागतात दिवे. दोघांचं जमायचं कसं?

मित्राचा एक मुद्दा मात्र मी सोडून देणार नाही. तो म्हणाला, "अरे, रोजगार मिळेल ना पोरांना. चौरसियाचे वडील माळीकामच करत होते." मुद्दा खरा आहे. इथल्या पोरांना काम हवं आहे आणि ते मुंबई-नाशिकला जाऊन शोधावं लागतं. पण बघा, आज इथे ज्या घरांत पाहुणे राहतात, ज्या पोरांकडून आपण रतनगड आणि सांदण दरीसाठी वाटाड्या घेतो, ज्या मावशींच्या हातची नागलीची भाकरी खातो, ते सगळं काम या डोंगरावर, पाण्यावर आणि अंधारावरच उभं आहे. तेच संपवून त्याच्या जागी थोड्या नोकऱ्या आणायच्या, हा व्यवहार मला तोट्याचा वाटतो.

महाराष्ट्राने हा प्रश्न आधी पाहिलाय

मी काही नवीन सांगत नाहीये. एप्रिल 2016 आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी जात होतं, आणि त्याच वेळी आयपीएलच्या मैदानांवर पाणी मारायचं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितले. तेव्हा कितीतरी जण चिडले होते. पण त्यातून "हे पाणी आलं कुठून?" हा प्रश्न खेळाच्या मैदानालाही लागू झाला.

दुसरं उदाहरण तर थेट गोल्फचंच. नवी मुंबईत सीवूड्सला, एनआरआय संकुलाच्या मागे पाणथळ जागा आहे, तिथे फ्लेमिंगो उतरतात. तिथे गोल्फ कोर्स आणि इमारती करण्याचा बेत होता. रहिवासी कोर्टात गेले, आणि 2018 मध्ये उच्च न्यायालयाने तो बेत रद्द ठरवला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. गोल्फर म्हणून मला तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी फ्लेमिंगोंच्या बाजूने मत दिलं असतं. चेंडू पाण्यात घालवायला आम्हाला इतर पुष्कळ जागा आहेत.

मग कोर्स कुठे हवेत?

जिथे माणसं आहेत आणि जिथे सांडपाणी आहे, तिथे. प्रत्येक मोठ्या शहरातून रोज कोट्यवधी लिटर सांडपाणी नदीत जातं. ते शुद्ध केलं तर पिण्यायोग्य नसेल, पण गवताला उत्तम चालतं. अमेरिकेतल्या ॲरिझोनासारख्या वाळवंटी राज्यात अनेक कोर्स अशाच पाण्यावर चालतात. नाशिक, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कुठल्याही शहराच्या कडेला हे जमू शकतं.

अठराच होल कशाला? नऊ होल चालतात. त्यातही सगळे छोटे, पार तीनचे होल केले तर पंधरा-वीस एकरांत काम होतं. आणि गवत तरी का? आपल्याकडे पूर्वी कोरड्या भागातल्या अनेक कोर्सवर, विशेषतः लष्करी छावण्यांत, "ग्रीन"ऐवजी "ब्राउन" असायचे. वाळूत तेल मिसळून दाबून केलेला सपाट गोल, त्यावर पट करायचं. तेल मातीत मुरतं हा त्याचा तोटा, पण त्यावर उपाय शोधता येतील. ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाच्या गावात तर अख्ख्या कोर्सवर गवताची काडी नाही. खेळाडू कृत्रिम गवताचा एक छोटा तुकडा बरोबर घेऊन फिरतात, त्यावर चेंडू ठेवून मारतात. उन्हाळ्यात उकाडा टाळायला रात्री चमकणारे चेंडू घेऊन खेळतात.

आणि ज्या स्कॉटलंडची स्वप्नं माझा मित्र बघत होता, तिथे काय आहे? सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स, जगातला सगळ्यात नावाजलेला, सार्वजनिक जमिनीवर आहे. कुणीही नंबर लावून, फी भरून खेळू शकतो. रविवारी तर तिथे एरवी गोल्फ बंद असतो. गावकरी कुत्री घेऊन फिरायला येतात, पोरं खेळतात. गोल्फच्या माहेरघरात ही पद्धत आहे! आपल्या नाशिकच्या मैदानासारखंच की. आपण स्कॉटलंडकडून खेळ घेतला, कपडे घेतले, आणि नेमकी ही सवय तिथेच ठेवून आलो.

सुरुवात करायची असेल तर

मेसेज येतील म्हणून आत्ताच सांगतो. पहिल्या दिवशी किट विकत घेऊ नका. आधी ड्रायव्हिंग रेंजवर जा. तिथे बादलीच्या हिशेबाने चेंडू मिळतात, काठी भाड्याने मिळते. सात नंबरची आयर्न मागा आणि तासभर मारत बसा. हात दुखले आणि तरी दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तर समजा लागण झाली.

मग खरा कोर्स. मुंबईकडच्यांसाठी सिडकोने उभारलेला खारघर व्हॅली गोल्फ कोर्स आहे, तिथे क्लबचं सभासदत्व नसलं तरी फी भरून खेळता येतं. बाकी ठिकाणी आठवड्यातल्या मधल्या दिवशी फी कमी असते, आधी फोन करून विचारा. कॅडीदादांना नाव विचारा, पैसे ठरल्यापेक्षा कमी देऊ नका, आणि ते सांगतील ती काठी घ्या. बंकरमधून बाहेर आलात की वाळू सारखी करा. आणि हो, ज्या कोर्सवर जाल तिथे एक प्रश्न नक्की विचारा: "पाणी कुठलं वापरता?" बोअरचं, महापालिकेचं की शुद्ध केलेलं? दहा जणांनी विचारलं तर हसतील. हजार जणांनी विचारलं तर उत्तर तयार ठेवावं लागेल.

आणि भंडारदऱ्याला या. गोल्फ बॅग गाडीच्या डिकीतच राहू द्या. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघा, जमलं तर कळसूबाई चढा. 1646 मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर. अठरा होलपेक्षा पाय जास्त दुखतील, याची खात्री मी देतो.

आमच्या मित्राला हे सगळं पूर्ण पटलंय असं नाही. त्याचं म्हणणं, नऊ होलचा, शुद्ध केलेल्या पाण्यावरचा कोर्स घोटी-इगतपुरीकडे तरी व्हायला काय हरकत आहे? तुम्हाला काय वाटतं? त्या भागातले कुणी ऐकत असाल तर नक्की लिहा, कारण तिथल्या पाण्याबद्दल आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. आलेली उत्तरं पुढच्या भागात वाचू. तोपर्यंत खेळत राहा, चालत राहा. राम राम!